माफ झालेले गृहकर्ज आणि प्राप्तिकर

घर तारण ठेवून काढलेले कर्ज हातात येते तेव्हा त्यावर प्राप्तिकर लागत नाही. वीस लाख रुपये आले, तरी वीस लाखांचे देणेही त्याच दिवशी उभे राहते; कर्जदार श्रीमंत होत नाही. पुढे हेच देणे पूर्ण किंवा काही अंशी माफ झाले, तर आलेला पैसा राहतो आणि त्याच्यासमोरचे देणे नाहीसे होते. जी रक्कम केवळ देण्यामुळे करातून सुटली होती, तिचे आता काय करायचे, हा कर्जमाफीच्या करआकारणीतला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तारण ठेवलेल्या घराचा. कर्जमाफीबरोबर घरही विकले गेले असेल, तर विक्रीतल्या नफ्यातोट्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. कर्जाचा हिशेब आणि घराचा हिशेब एकमेकांत मिसळले, की करदाता हमखास अडचणीत येतो.

या विषयावरचा सर्वांत तपशीलवार कायदा अमेरिकेत घडला. भारतातील कायदा वेगळ्या वाटेने गेला आहे. दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. अमेरिकी कायदा कर्जमाफीला आधी उत्पन्न मानतो आणि मग अपवाद देतो. भारतीय कायद्यात ती रक्कम उत्पन्न ठरवणारे कलम आधी दाखवावे लागते.

अमेरिकेतील मूळ तत्त्व

कर्बी लंबर या लाकूड कंपनीने १९२३ मध्ये सुमारे १ कोटी २१ लाख डॉलरचे कर्जरोखे विकले. त्याच वर्षी त्यांपैकी काही रोखे तिने दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात बाजारातून परत घेतले. फरक होता १,३७,५२१ डॉलर. हा फरक कंपनीचे उत्पन्न आहे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९३१ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी अगदी थोडक्या निकालपत्रात तो उत्पन्न ठरवला. कर्जात अडकलेली कंपनीची तेवढी मालमत्ता मोकळी झाली, म्हणजे कंपनीला तेवढा लाभ झाला, हे त्यामागचे कारण.

१९५४ च्या करसंहितेने हे तत्त्व कलमात आणले. सध्याच्या संहितेतही उत्पन्नाच्या व्याख्येत (कलम ६१) कर्जमुक्तीपासूनच्या उत्पन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम १०८ मध्ये त्याचे अपवाद दिले आहेत. न्यायालयाच्या आदेशाने मिळालेली दिवाळखोरीतील मुक्ती, नादारी, शेतीचे काही कर्ज, व्यवसायासाठीच्या स्थावर मालमत्तेचे काही कर्ज आणि राहत्या घराचे कर्ज हे त्यांतले मुख्य अपवाद. आईवडिलांनी मुलाला घरासाठी दिलेले कर्ज प्रेमापोटी सोडून दिले, तर ती भेट ठरते. मुलाचे उत्पन्न ठरत नाही. घर विकणाऱ्यानेच खरेदीदाराला उधारी दिली असेल आणि पुढे ती कमी केली, तर ते घराच्या किमतीतील घट मानले जाते. बँकेने दिलेली माफी मात्र यांपैकी कशातच बसत नाही; तिच्यासाठी कलम १०८ मधला अपवादच शोधावा लागतो.

घराचा हिशेब आणि कर्जाचा हिशेब

अमेरिकेत गृहकर्ज दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात कर्जदार व्यक्तिशः जबाबदार असतो. घर विकून कर्ज फिटले नाही, तर उरलेली रक्कम बँक त्याच्या इतर मालमत्तेतून वसूल करू शकते. याला रिकोर्स कर्ज म्हणतात. दुसऱ्या, नॉन-रिकोर्स प्रकारात बँकेचा हक्क घरापुरताच असतो. कर्ज कोणत्या प्रकारचे, हे करारावर आणि त्या त्या राज्याच्या कायद्यावर ठरते. कॅलिफोर्नियात स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या मूळ खरेदीकर्जाची वसुली साधारणतः घराच्या पलीकडे करता येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेतले, तर करातला फरक दिसतो. घर ३ लाख डॉलरना घेतले. किमती कोसळल्या आणि बाजारभाव १,७०,००० वर आला. कर्ज २,७०,००० बाकी आहे. हप्ते थकले, बँकेने घर ताब्यात घेतले आणि उरलेले १ लाख सोडून दिले.

कर्ज रिकोर्स असेल, तर हिशेबाचे दोन तुकडे पडतात. घर बाजारभावाने, म्हणजे १,७०,००० ला विकले गेले असे धरले जाते. त्यात १,३०,००० चा तोटा आहे. पण राहत्या घराच्या विक्रीतला तोटा अमेरिकी कायदा वजा करू देत नाही. दुसऱ्या तुकड्यात माफ झालेले १ लाख डॉलर हे उत्पन्न. घर गेले, तोटा वाया गेला, आणि पगार ६०,००० असेल तर त्या वर्षीचे उत्पन्न कागदावर १,६०,००० झाले.

कर्ज नॉन-रिकोर्स असेल, तर एकच तुकडा असतो. घराचा बाजारभाव काहीही असो, पूर्ण २,७०,००० हीच विक्रीची रक्कम मानली जाते. ३ लाखांच्या किमतीवर ३०,००० चा तोटा, तोही वजा न होणारा. पण कर्जमाफीचे उत्पन्न शून्य. ही रीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये टफ्ट्स खटल्यात पक्की केली. तिची दुसरी बाजू अशी, की घर फार पूर्वी स्वस्तात घेतलेले असून नंतर त्यावर मोठे कर्ज काढलेले असेल, तर विक्रीचा नफा फुगतो. शिवाय नॉन-रिकोर्स कर्जातही घर कर्जदाराकडेच राहून बँकेने नुसते मुद्दल कमी केले, तर ती कर्जमाफीच ठरते. एकाच तुकड्याच्या हिशेबाचा लाभ घर हातातून जाते तेव्हाच मिळतो.

२००७ चा कायदा आणि त्याची मुदत

२००६ नंतर अमेरिकेतील घरांच्या किमती घसरू लागल्या. लास व्हेगाससारख्या शहरात त्या निम्म्याहूनही खाली गेल्या. कर्जापेक्षा कमी किमतीला बँकेच्या संमतीने घर विकणे, ज्याला शॉर्ट सेल म्हणतात, ही रोजची गोष्ट झाली. घर गमावलेल्या कुटुंबाच्या पदरी वर प्राप्तिकराची मागणी पडू लागली. तेव्हा काँग्रेसने मॉर्गेज फर्गिव्हनेस डेट रिलीफ ॲक्ट मंजूर केला आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २० डिसेंबर २००७ रोजी त्यावर सही केली. मुख्य राहत्या घराच्या कर्जापैकी २० लाख डॉलरपर्यंतची माफी त्याने उत्पन्नातून वगळली.

सवलत तात्पुरती होती आणि तात्पुरतीच राहिली. प्रथम ती २००९ अखेरपर्यंत होती. मग २०१२, २०१३, २०१४, २०१६, २०१७ असे तिचे आयुष्य वाढत गेले. कित्येकदा मुदतवाढ वर्ष उलटल्यावर पूर्वलक्षी आली. २०१७ मधील माफीला संरक्षण मिळाले ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, आणि २०१८ मधील माफीला डिसेंबर २०१९ मध्ये. तोवर २०१८ चे विवरणपत्र भरून कर दिलेल्यांना दुरुस्त विवरणपत्र भरून परतावा मागावा लागला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने मुदत २०२५ अखेरपर्यंत नेली, पण मर्यादा साडेसात लाख डॉलरवर आणली. स्वतंत्र विवरणपत्र भरणाऱ्या पतीपत्नींना प्रत्येकी ३,७५,०००. या तरतुदीनुसार १ जानेवारी २०२६ पूर्वी झालेली, किंवा त्या तारखेपूर्वी लेखी ठरलेली माफी सवलतीत बसते.

सवलतीच्या अटी काटेकोर आहेत. कर्ज मुख्य राहत्या घराचे हवे. भाड्याने दिलेले किंवा सुट्टीत राहायचे घर चालत नाही. कर्जाचा पैसा घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा त्यात भरीव सुधारणा करण्यासाठी वापरलेला हवा आणि त्याला तेच घर तारण हवे. जुने कर्ज फेडून नवे काढले असेल, तर जुन्या कर्जाच्या बाकीइतकाच भाग पात्र ठरतो.

नेमक्या याच ठिकाणी अनेकांची फसगत झाली. समजा, २ लाख डॉलरचे जुने कर्ज फेडून २,६०,००० चे नवे काढले आणि वरचे ६०,००० क्रेडिट कार्डांची बिले व मुलीची कॉलेजची फी यांत गेले. पुढे १ लाख माफ झाले. कायद्याचा क्रम असा, की माफी आधी अपात्र भागावर लागू झाली असे मानायचे. म्हणून ६०,००० सवलतीबाहेर आणि फक्त ४०,००० सवलतीत. कर्जाच्या प्रमाणात वाटणी करण्याची मुभा नाही.

घर राखून माफी मिळाली असेल, तर सवलतीइतकी रक्कम घराच्या संपादन किमतीतून कमी होते. ३ लाखांच्या घरावर १ लाख माफ झाले, की किंमत २ लाख धरली जाते. पुढे ते ३,५०,००० ला विकले, तर नफा ५०,००० ऐवजी दीड लाख. म्हणजे कर सुटत नाही, पुढे ढकलला जातो. प्रत्यक्षात बहुतेकांना तो लागतही नाही. कारण मागील ५ वर्षांपैकी किमान २ वर्षे स्वतः राहिलेल्या घराच्या विक्रीतला अडीच लाख डॉलरपर्यंतचा, आणि पतीपत्नींच्या एकत्रित विवरणपत्रात ५ लाखांपर्यंतचा नफा दुसऱ्या कलमाने करमुक्त आहे.

नादारीची कसोटी

घरकर्जाची खास सवलत असो वा नसो, नादारीचा अपवाद कायम आहे. माफीच्या लगेच आधी एकूण देणे एकूण मालमत्तेपेक्षा जितके जास्त, तितकी माफी उत्पन्नातून सुटते. वरच्या उदाहरणातील कर्जदाराकडे १,७०,००० चे घर, ४०,००० ची निवृत्तीची गुंतवणूक, १०,००० ची गाडी आणि बँकेत ५,००० आहेत असे मानले, तर मालमत्ता २,२५,०००. देणी पाहता गृहकर्ज २,७०,०००, गाडीचे कर्ज ८,००० आणि क्रेडिट कार्डांची थकबाकी १२,०००, एकूण २,९०,०००. नादारी ६५,००० ची. म्हणून १ लाखाच्या माफीपैकी ६५,००० वगळले जातात आणि ३५,००० वर कर लागतो. सावकारांना हात लावता येत नाही अशी निवृत्तीची रक्कमही या मोजणीत मालमत्ता धरली जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ही कसोटी भाड्याच्या घराच्या कर्जालाही लागू पडते. न्यायालयीन दिवाळखोरीत तर अशी मोजणी करावीच लागत नाही. तिथली माफी पूर्णपणे वगळली जाते.

कागदपत्रे

६०० डॉलर किंवा त्याहून अधिक कर्ज माफ केले, की बँक १०९९-सी हा फॉर्म कर्जदाराला आणि आयकर खात्याला पाठवते. त्यातील तीन चौकटी निर्णायक आहेत. दुसरीत माफ झालेली रक्कम, पाचवीत कर्जदार व्यक्तिशः जबाबदार होता का याची खूण, आणि सातवीत घराचा बाजारभाव. पाचव्या चौकटीतली खूण चुकली, तर रिकोर्स आणि नॉन-रिकोर्स यांची अदलाबदल होते आणि सगळा हिशेब फिरतो. सातवीतला भाव कमी दाखवला गेला, तर माफीचे उत्पन्न वाढते. फॉर्म आला म्हणजे कर लागलाच असे नाही. पण अपवादाचा दावा करायचा, तर विवरणपत्रासोबत ९८२ क्रमांकाचा फॉर्म जोडावा लागतो. १०९९-सी दुर्लक्षित ठेवणाऱ्याला खात्याची नोटीस येते, कारण खात्याच्या नोंदीत ती रक्कम उत्पन्न म्हणून आधीच पोचलेली असते.

भारतातील वाट: महिंद्र प्रकरण

भारतातील या विषयावरचा आधारभूत निकाल मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र कंपनीचा आहे, आणि त्याची सुरुवातही अमेरिकेतच होते. १९६४ मध्ये कंपनीने जीपच्या उत्पादनासाठी कायझर जीप कॉर्पोरेशनशी डाय आणि वेल्डिंगची सामग्री घेण्याचा करार केला. कायझरनेच त्यासाठी ६ टक्के व्याजाने कर्ज दिले. परतफेड १० वर्षांनंतर सुरू व्हायची होती. पुढे अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशनने कायझर जीप विकत घेतली आणि मुद्दल माफ केले. ही रक्कम होती ५७,७४,०६४ रुपये. आकारणी वर्ष १९७६-७७. आयकर खात्याने ती उत्पन्नात धरली. अंतिम निकाल लागला २४ एप्रिल २०१८ रोजी, कंपनीच्या बाजूने.

सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील दोन कलमे तपासली. कलम २८(४) व्यवसायातून मिळालेला लाभ करपात्र ठरवते. पण ते रोख नसलेल्या लाभापुरते होते आणि कर्जमाफी रोखीसारखी, म्हणून ते लागू नाही. कलम ४१(१) पूर्वी ज्या देण्याची वजावट घेतली ते देणे सुटले तर लागू होते. इथे तशी वजावट कधी घेतलीच नव्हती. सामग्री भांडवली, म्हणून माफीही भांडवली.

खेळत्या भांडवलासाठी घेतलेल्या कर्जाची गोष्ट वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाने सॉलिड कंटेनर्स प्रकरणात तशी माफी उत्पन्न ठरवली होती. नंतर वित्त अधिनियम २०२३ ने कलम २८(४) मध्ये बदल करून रोख लाभही त्यात आणला. हा बदल आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झाला. म्हणून दुकानदाराने घर तारण ठेवून धंद्यासाठी घेतलेले कर्ज बँकेने तडजोडीत कमी केले, तर महिंद्र निकालाची ढाल आता पूर्वीइतकी भक्कम नाही. व्याजाबाबत मात्र एक दिलासा राहतो. बँकेचे व्याज प्रत्यक्ष भरल्यावरच धंद्याच्या खर्चात धरता येते. भरलेच नाही त्याची वजावट मिळालेली नसते, आणि वजावट नाही तिथे कलम ४१(१) पोचत नाही.

पगारदार घरमालक

नोकरदाराच्या राहत्या घराचे कर्ज बँकेशी एकरकमी तडजोडीने (वन टाइम सेटलमेंट) मिटले, तर ही दोन्ही कलमे बाजूला पडतात, कारण दोन्ही व्यवसायाच्या उत्पन्नाची आहेत. माफ झालेले मुद्दल भांडवली स्वरूपाचे असते आणि त्याला उत्पन्न ठरवणारी अमेरिकेसारखी सरसकट तरतूद कायद्यात नाही. व्याजाचा मुद्दा नाजूक आहे. कलम २४ खाली गृहकर्जाचे व्याज देय झाले की वजा करता येते, भरले नसले तरी. तसे वजा केलेले व्याज पुढे माफ झाले, तर ते परत उत्पन्नात आणणारे कलम ४१(१) सारखे कलम घर-मालमत्तेच्या शीर्षाखाली नाही. ८०सी खालची मुद्दलाची वजावट प्रत्यक्ष फेडीवरच मिळते. माफ झालेल्या मुद्दलावर ती मागता येत नाही.

२०२२ मध्ये आलेल्या कलम १९४आर ने धंद्यातील लाभांवर १० टक्के करकपात लावली, तेव्हा कर्जात सूट देणाऱ्या बँकेनेही कर कापायचा का, असा प्रश्न निघाला. सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने बँका व ठराविक वित्तसंस्थांना त्यातून वगळले. मात्र सूट करपात्र आहे की नाही, हा प्रश्न मूळ कायद्यावरच सोडला.

दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवायला हव्यात. बँक थकीत कर्ज आपल्या वहीत राइट ऑफ करते, तेव्हा कर्जदाराचे देणे सुटत नाही. वसुली चालूच राहते, त्यामुळे लाभाचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि महाराष्ट्रातील शेतकरी कर्जमुक्ती योजनांत बँकेला पैसे सरकार देते. ती बँकेने सोडलेली रक्कम नव्हे, शिवाय शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे.

लिलावात गेलेले घर

भारतातील घरमालकाला खरा फटका बसतो तो घराच्या हिशेबात. सरफेसी कायदा, २००२ खाली बँकेने घराचा लिलाव केला, तर विक्रेता कराच्या दृष्टीने घरमालकच. आलेला पैसा बँकेकडे वळला, तरी भांडवली नफा पूर्ण विक्रीमूल्यावर मोजला जातो. स्वतः गहाण ठेवलेल्या मालमत्तेवरचे कर्ज फेडण्यात गेलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये जगदीशचंद्रन आणि २००१ मध्ये अत्तिली राव प्रकरणात स्पष्ट केले. पूर्वीच्या मालकाने गहाण ठेवलेले घर वारशाने आले आणि वारसाने ते सोडवले, तर मात्र सोडवण्याचा खर्च संपादन किमतीत धरला जातो. हा १९९७ चाच अरुणाचलम निकाल.

परिणाम असा, की वीस वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेला फ्लॅट तारण ठेवून धंद्यासाठी कर्ज काढले आणि तो लिलावात गेला, तर मालकाच्या हाती काही न पडता नफ्यावरचा कर त्याच्या नावे निघतो. नव्या घरात गुंतवून सूट घ्यायला पैसा उरलेला नसतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर १२.५ टक्के आहे; त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय आहे. घर नवे असेल तर आणखी एक पेच येतो. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांच्या आत घर हस्तांतरित झाले, तर आजवर मुद्दलावर घेतलेली ८०सी ची वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत जमा होते.

दोन देशांत पाय असलेला कर्जदार

पुण्यात फ्लॅट आणि न्यू जर्सीत नोकरी, अशा मराठी कुटुंबाला दोन्ही कायदे लागतात. अमेरिकेचा करनिवासी आपल्या जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर देतो. पुण्याच्या बँकेने तडजोडीत काही लाख सोडले, तर भारतात कर लागला नाही तरी अमेरिकेच्या दृष्टीने ते कर्जमुक्तीचे उत्पन्न. भारतीय बँक १०९९-सी पाठवणार नाही. फॉर्म न येण्याने जबाबदारी मात्र टळत नाही. पुण्याचा फ्लॅट मुख्य राहते घर नसल्याने खास सवलत मिळत नाही. नादारीची कसोटी लागू होते, आणि तिच्या मोजणीत भारतातील ठेवी व जमीनही धरावी लागते.

या सगळ्यांत तडजोडीचे पत्र हा एकच कागद दोन्ही हिशेबांना पुरतो, जर त्यात तपशील असेल तर. माफ झालेल्या रकमेत मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज व शुल्क किती, माफी कोणत्या तारखेला लागू झाली, उरलेल्या रकमेची वैयक्तिक जबाबदारी संपली का, आणि घर बँकेकडे गेले असल्यास कोणत्या किमतीला, हे सहा तपशील त्यात लिहिलेले असावे लागतात. एकरकमी आकडा लिहिलेल्या पत्रावरून मुद्दल भांडवली आणि व्याज वजावटीचे, असा भेद नंतर सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून तो भेद तडजोडीवर सही होण्यापूर्वीच पत्रात उतरवून घ्यावा लागतो.